शितावरून भाताची परीक्षा : कामोठे

हार्बरच्या गाडीनं पनवेलकडे निघालात, की खारघरच्या पुढं मानसरोवर नावाचं स्टेशन लागतं. नावावर जाऊ नका बरं का! इथं हिमालय नाही, की राजहंस नाहीत. इथं उतरायचं ते कामोठ्याला जाण्यासाठी. एका अंगाला रेल्वेचे रूळ, दुसऱ्या अंगाला सायन-पनवेल महामार्ग, आणि मधे सेक्टरच्या आकड्यांनी ओळखली जाणारी ही वस्ती. पत्ता विचारलात तर कुणी रस्त्याचं नाव सांगणार नाही, 'सेक्टर कितवा?' असाच उलटा प्रश्न येईल. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका झाली आणि कामोठं तिच्यात गेलं. रायगड जिल्ह्यातली ही पहिली महानगरपालिका.

सहलीला म्हणून कामोठ्याला कुणी येत नाही. किल्ला नाही, लेणं नाही, समुद्रकिनारा नाही. लोक येतात ते घर शोधायला. मुंबईत परवडत नाही, वाशी-नेरूळला जमत नाही, मग बोट नकाशावर सरकत सरकत इथं येऊन थांबतं. तरीसुद्धा मैत्रिणींनो, आज मी तुम्हांला मुद्दाम इथं घेऊन आले आहे. माणसं एकमेकांविषयी काय काय धरून चालतात, आणि त्यातलं खरं किती, हे पाहायला याच्याइतकी सोयीची जागा मला दुसरी माहीत नाही.

जिन्यावरचा महाराष्ट्र

संध्याकाळी एखाद्या चार मजली इमारतीचा जिना चढून पाहा. पहिल्या मजल्यावर सुक्या बोंबलाचा वास, दुसऱ्यावर बाजरीच्या भाकरीचा खरपूस दरवळ, तिसऱ्यावर कढीपत्त्याची फोडणी. सातारा-सांगलीचे, जुन्नरचे, रत्नागिरी-सिंधुदुर्गाचे, मराठवाड्यातले, उत्तर प्रदेश-बिहारचे, केरळातले असे सगळे एका पाण्याच्या टाकीवर नांदतात. आणि या सगळ्यांच्या आधीपासून इथं असलेले आगरी. आगर म्हणजे मिठागर, त्यावरून आगरी. या भागात मीठ पिकवणारे, खाडीकाठी भात लावणारे, मासळी धरणारे हे लोक.

जिन्यावर माणसांबरोबर त्यांची विशेषणंही राहायला येतात. घाटी रांगडे, कोकणी तिरके, भैये असेच, आणि आगरी? "बाई गं, फार भांडखोर! अंगभर सोनं घालतात, हळदीला पैसा उधळतात, कुणालाही अरे-तुरे करतात." हे सांगणारी बाई दुष्ट असते असं नाही. नव्या शेजारणीला ती सावध करत असते, जशी ती कुठल्या दुकानात तूरडाळ चांगली मिळते तेही सांगते.

आपल्याकडे एक म्हण आहे : शितावरून भाताची परीक्षा. म्हण खोटी नाही. एक शीत चेपून पाहिलं की भात शिजला का ते कळतं. आपण रोज तेच करतो. पण ते का कळतं, याचा कधी विचार केलात? तांदूळ एक, पाणी एक, आच एक, पातेलं एक, म्हणून. माणसांचं तसं असतं का? आणि कधी दहा माणसं सारखी वागताना दिसलीच, तर तो गुण तांदळाचा की चुलीचा? कामोठ्यात फिरताना हा एक प्रश्न पदराला गाठ मारून ठेवा.

भांडखोर कुणाला म्हणायचं?

आधी 'भांडखोर' हाच शब्द घेऊ. त्याच्यासाठी थोडं मागं आणि थोडं दूर जावं लागेल, पण जिल्हा हाच.

अलिबाग तालुक्यात चरी नावाचं गाव आहे. तिथं आणि आसपासच्या २५ गावांत १९३३ साली कुळांनी संप केला. खोतांची जमीन कसायचीच नाही, असा निर्धार. नारायण नागू पाटील हे त्यांचे पुढारी. हा संप १९३९ पर्यंत, सहा वर्षं चालला. शेतकऱ्यानं सहा वर्षं नांगर धरायचा नाही, म्हणजे घरातल्या बाईनं चूल कशी पेटवली असेल, याचा विचार आपणच करायचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या कुळांना पाठिंबा दिला आणि १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. आता सांगा, त्या काळच्या खोताला हे आगरी शेतकरी कसे वाटले असतील? भांडखोरच की!

मग आलं १९७० साल. १७ मार्चला सिडकोची स्थापना झाली. नवी मुंबई वसवायची म्हणून ठाणे, पनवेल, उरण या बाजूची ९५ गावं आराखड्यात आली. कामोठं त्यांतलंच. शेती गेली, मिठागरं गेली. मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये उरणच्या जासई भागात मोठं आंदोलन झालं. १६ आणि १७ जानेवारीला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात पाच शेतकरी मारले गेले. नेते होते जासईचेच दि. बा. पाटील. पुढं संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत द्यायची योजना आली, ती या लढ्यातून. आज कामोठ्यात ज्या इमारतींत आपण भाड्यानं किंवा विकत घर घेतो, त्यांतल्या कितीतरी या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवरच उभ्या आहेत.

तर बघा, विशेषणात तथ्य आहेच. हे लोक भांडले. दोनदा भांडले, आणि दोन्ही वेळा जमिनीसाठी. त्यांच्या जागी कोकणस्थ असते, मराठे असते, गुजराती असते, तर ते मुकाट्यानं बसले असते का? गुण चुलीचा होता, नाव तांदळाला पडलं.

सोन्याचंही तसंच. नव्यानं आलेल्या शेजारणीला गळ्यातलं सोनं दिसतं. सोन्याआधी काय होतं ते दिसत नाही. जी खाचरं वर्षाला भात द्यायची, ती गेली आणि एकरकमी पैसा हातात आला. तो घरातल्या बाईच्या अंगावर राहिला, तर निदान तिच्या नजरेसमोर तरी राहतो! हळदीला काही घरांत उधळपट्टी होते हेही खरं, आणि त्याविरुद्ध आगरी समाजातलीच माणसं बोलत आली आहेत. पण आपल्या घरी मुलीच्या लग्नात कर्ज काढलं तर आपण म्हणतो, 'हौस केली'. दुसऱ्यानं केली की ती त्याची जात ठरते. शब्द कसे बदलतात पाहा!

'तू' म्हणजे अपमान?

आता भाषेकडे वळू. मासळीवाल्या मावशी तुम्हांला "घे ना गं, ताजा हाय" म्हणतील. सदाशिव पेठेच्या वळणात वाढलेल्या कानाला हे टोचतं. आगरी बोलीत वडीलधाऱ्यांनाही सर्रास एकेरीच हाक असते. म्हणजे तुम्हांला 'तू' म्हणणारी बाई स्वतःच्या सासऱ्यालाही 'तू' म्हणत असेल. आपणही आईला 'अगं आई' म्हणतो आणि विठ्ठलाला तर 'अरे विठ्ठला'! तेव्हा आपल्याला अपमान वाटत नाही. कोल्हापूरकडच्या बाया 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, म्हणून त्यांना कुणी पुरुष समजत नाही.

आगरीत 'पाणी'चं 'पानी' होतं, 'शाळे'ची 'शाला' होते, 'डोळ्या'चा 'डोला'. या एका गोष्टीवरून शाळेत मुलांना 'अशुद्ध' म्हटलं जातं, मुलं वर्गात बोलायची बंद होतात, आणि मग शेरा मिळतो 'मंद आहे'. शेरा आधी आणि पुरावा नंतर, असा हा उलटा कारभार.

एक गंमत सांगते. आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण असते. लग्नातले विधी ती गाण्यांतून पुढं नेते. पोथी नाही, कागद नाही, सगळं मुखोद्गत. तिच्या गाण्यांना 'धवले' म्हणतात. आता तेराव्या शतकाकडे जा. महानुभाव पंथातली महदंबा, जिला मराठीतली आद्य कवयित्री मानतात, तिच्या रचनेचं नाव 'धवळे'. तीही लग्नाचीच गाणी, श्रीकृष्ण आणि रुक्मिणीच्या. 'ळ'चा 'ल' झाला, एवढाच काय तो फरक. बायकांच्या मराठी कवितेचा उगम ज्या शब्दापाशी आहे, तो शब्द या 'अशुद्ध' बोलीनं आजही लग्नघरात वापरात ठेवला आहे.

आकडा आणि शेरा

म्हणजे लोकांविषयीचे सगळेच ठोकताळे टाकाऊ का? तसंही नाही. कामोठ्यातला वाणी बाजरी आणि हुलगे ठेवतो, कारण घाटावरचं गिऱ्हाईक पुष्कळ आहे हे त्यानं पाहिलं आहे. हा ठोकताळाच, पण मोजून घेतलेला. उद्या गिऱ्हाईक बदललं तर तो पोतं बदलेल. त्यानं कुणाच्या स्वभावावर शेरा मारलेला नाही.

ठोकताळ्याला इंग्रजीत 'स्टिरिओटाइप' म्हणतात. हा मूळचा छापखान्यातला शब्द. जुळवलेल्या खिळ्यांवरून साचा घेऊन धातूचा पत्रा ओतायचा आणि त्यावरून हव्या तेवढ्या सारख्या प्रती काढायच्या. अमेरिकन पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९२२ सालच्या 'पब्लिक ओपिनियन' या पुस्तकात तो माणसांच्या मनातल्या साच्यांना लावला. त्यानंतर यावर पुष्कळ संशोधन झालं. ली जसिम यांच्यासारखे काही मानसशास्त्रज्ञ सांगतात, की कोणत्या गटात शिक्षण किती, उत्पन्न किती, अशा मोजता येण्याजोग्या गोष्टींबद्दलचे लोकांचे अंदाज बरेचदा खऱ्याच्या जवळ असतात. उलट २००५ साली 'सायन्स' या नियतकालिकात ४९ संस्कृतींचा एक अभ्यास आला. आपल्या देशातले लोक स्वभावानं कसे, याविषयी लोकांच्या ठाम कल्पना होत्या. प्रत्यक्ष माणसांचे स्वभाव तपासले तर त्यांचा त्या कल्पनांशी मेळच बसेना.

थोडक्यात काय, तर मोजण्यासारखं आहे तिथं साच्यात थोडं सत्य सापडतं. स्वभावाची गोष्ट आली की आपण बहुधा फसतो. आणि साचा खरा असो वा खोटा, तो पूर्वग्रह कधी होतो? समोर वेगळा माणूस आला तरी आपण साचा बदलत नाही, उलट 'ही अपवाद आहे हो' म्हणून त्या माणसालाच बाजूला काढतो, तेव्हा. वाणी पोतं बदलतो. पूर्वग्रह पोतं बदलत नाही.

दारावरची परीक्षा

हे सगळं गप्पांपुरतं असतं तर मी तुमचा वेळ घेतला नसता. कामोठ्यात मात्र ते थेट घराच्या कुलपापर्यंत पोहोचतं.

माझ्या ओळखीची एक मुलगी, मराठवाड्यातली. नर्सिंग शिकून इथल्या एका हॉस्पिटलात लागली. ड्यूटी कधी दिवसाची, कधी रात्रीची. पगार वेळेवर, अनामत रक्कम तयार. तरी घर मिळेना. एजंट फोनवर किती खोल्या हव्यात हे नंतर विचारायचा, आधी आडनाव. आडनाव सांगितलं की "मालक विचारून कळवतो", आणि ते कळवणं काही व्हायचं नाही. कुठं आडनावावर निभावलं तर "एकट्या मुलींना देत नाही", तेही जमलं तर "रात्री-अपरात्री येणं-जाणं नको". म्हणजे रात्री आजाऱ्याच्या उशाशी नर्स हवी, पण ती सकाळी ज्या घरी झोपायला येणार ते घर आपल्या मजल्यावर नको!

हा केवळ तिच्या नशिबाचा भाग नाही. आपल्या अमरावती जिल्ह्यातले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत भाड्याच्या घरांची पाहणी केली. ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. उच्चवर्णीय हिंदू नावानं, दलित नावानं आणि मुस्लिम नावानं घरमालकांना फोन केले. उच्चवर्णीय नावाला नकार नाही. दलित नावाला साधारण पाचांत एकदा सरळ नकार, मुस्लिम नावाला जवळजवळ तिघांत एकदा. शिवाय काहींना होकार मिळाला तो जास्त भाड्याच्या किंवा वेगळ्या अटींवर. माणूस कुणी पाहिलाच नव्हता. शीतसुद्धा चेपलं नव्हतं. डब्यावरची चिठ्ठी वाचून भात नासका ठरवला.

मनातला साचा आणि हातून होणारं वागणं यांत अंतर असतं, हेही खरं. रिचर्ड लापिएर नावाचे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ १९३० ते १९३२ या काळात एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकाभर हिंडले. तेव्हा तिथं चिन्यांविषयी फार वाईट मत होतं. २५१ हॉटेलं-खाणावळींत ते गेले. नकार मिळाला फक्त एका ठिकाणी. नंतर त्याच ठिकाणांना पत्रं पाठवून विचारलं, चिनी पाहुणे चालतील का? उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांनी 'नाही' कळवलं! अर्थात बरोबर गोरा प्राध्यापक होता आणि प्रश्न एका जेवणाचा किंवा एका रात्रीचा होता. वर्षभराच्या भाड्याची गोष्ट वेगळी. पण दारात उभ्या असलेल्या, हसतमुख, बोलत्या माणसाला 'नाही' म्हणणं पत्रातल्या नावाला 'नाही' म्हणण्याइतकं सोपं नसतं, एवढं यातून घेण्यासारखं आहे.

आमच्या नर्सबाईंना शेवटी घर मिळालं ते जुन्या कामोठे गावाकडच्या एका आगरी बाईंच्या इमारतीत. "त्यांच्याकडे नको गं, फार वरच्या आवाजात बोलतात," असं तिला चार जणींनी बजावलं होतं. बाई बोलतात वरच्या आवाजात, खोटं कशाला सांगू? पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "रात्रीची ड्यूटी हाय ना तुला? मग गेटची चावी तुझ्याजवल ठेव, मला उठवू नको." वर्ष संपल्यावर भाडंही वाढवलं, एक पैसा सोडला नाही. व्यवहार तो व्यवहार.

आणि हेही सांगायला हवं, की त्याच बाई उत्तरेकडच्या कुटुंबाला खोली देत नाहीत. "ते लोक एकाचे दहा होतात," म्हणतात. ज्या बाईवर 'भांडखोर' असा शिक्का आहे, तिच्याजवळही दुसऱ्यासाठी शिक्का तयारच! साच्याचा चटका बसला म्हणून आपला साचा आपोआप मोडत नाही. तो बसून, ठरवून मोडावा लागतो. त्या बाईंच्या इमारतीत उद्या कुणी नव्यानं येईल तेव्हा दार कसं उघडेल, हे मी आज सांगू शकत नाही.

घर देताना

आता थोडं कामाचं बोलू. तुमचंही कामोठ्यात किंवा आणखी कुठं भाड्यानं द्यायचं घर असेल. काळजी घ्यायला हवीच. घर म्हणजे आयुष्याची पुंजी. पण काळजी घ्यायची ती तपासता येण्याजोग्या गोष्टींची. भाडेकरूची ओळखपत्रं पाहा. नोकरीचं पत्र मागा. अनामत रक्कम आणि महिन्याचं भाडं आधी स्पष्ट ठरवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे भाडेकरार लेखी करून नोंदवणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. ते टाळू नका. भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्यात द्या. घरात किती माणसं राहणार हे करारातच लिहा, म्हणजे 'एकाचे दहा' होण्याची धास्ती कुठल्याच प्रांतावर ढकलावी लागणार नाही. आणि आधीच्या घरमालकाला एक फोन करा. या साऱ्यांतून माणूस जितका कळतो, तितका आडनावावरून सात जन्मांत कळणार नाही.

एजंटला एक वाक्य जरूर सांगून ठेवा : आडनाव विचारून माणसं परत पाठवायची नाहीत, माणूस घर पाहायला आणायचा. निर्णय मग तुम्हीच घ्या.

आणि ज्यांना घर द्यायचं-घ्यायचं नाही त्यांनी? मुलांसमोर बोलताना 'ते लोक' या दोन शब्दांवर नुसतं लक्ष ठेवा. त्यांच्यापुढं येणारं वाक्य मोजता येण्यासारखं आहे की नुसता शेरा आहे, हे स्वतःलाच विचारून पाहा. दिवसातून दोनदा जरी जीभ अडखळली तरी पुष्कळ झालं.

कामोठ्याहून फार दूर नाही असा नवी मुंबईचा विमानतळ आता झाला आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचं उद्घाटन झालं. त्याच्यासाठी दहा गावांना आपली घरं सोडावी लागली. तिथल्या कामांसाठी देशभरातून नवी माणसं येतील, त्यांतली कितीतरी कामोठ्यात घर शोधतील. एजंटचा फोन वाजेल. पलीकडून विचारलं जाईल, "नाव काय?" त्या फोनच्या या टोकाला घरमालकीण म्हणून तुमच्यातलीच कुणीतरी असेल. तिनं एवढंच म्हणावं, "नाव नंतर. आधी येऊन घर तर बघू दे."